पुंजारामाची खूण

पुंजाराम मेला तेव्हा कापसाचा भाव चढत होता, त्यामुळे त्याच्यासाठी रडायला गावात कुणाला फारशी सवड नव्हती. सात समुद्रांपलीकडे अमेरिका नावाच्या कुठल्याशा मुलखात भावाभावांत जुंपली होती, तिकडचा कापूस विलायतेला जायचा बंद झाला होता, आणि म्हणून मूर्तिजापूरच्या अलीकडे आमच्या गावात सरकी काढणाऱ्या बायासुद्धा दोन वेळा पोटभर जेवू लागल्या होत्या. दोघांचं भांडण तिसऱ्याचा लाभ म्हणतात, ते हे. बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या आल्या. काहींनी तर गाडीच्या चाकांना चांदीच्या धावा बसवल्या असं सांगतात. मी त्या पाहिलेल्या नाहीत आणि सांगणाऱ्यांनीही पाहिलेल्या नसाव्यात.

बावीस वर्षांचा, अजून बिनलग्नाचा पुंजाराम कापसाची गाडी घेऊन अमरावतीला गेला. परतीच्या वाटेवर त्याला पटकी झाली आणि दुसऱ्या दिवशी दुपारी तो संपला. सोबतच्या गाडीवानांनी बडनेऱ्याजवळ एका नाल्याच्या काठी त्याला अग्नी दिला आणि गाडी घरी आणून सोडली. त्याच्या आईच्या, पार्बताबाईच्या, हाती आले दोन बैल, एक धोतर, एक बंडी आणि एक पागोटं. पोराचं तोंड तिला दिसलं नाही.

मागे घरात तिघं उरली. पार्बताबाई, जी आधीच दहा वर्षं विधवा होती. तिचा धाकटा दीर जानराव, ज्याची बायको बाळंतपणात गेली होती आणि ज्याला त्यानंतर फक्त शेत आणि अब्रू या दोनच गोष्टी दिसत. आणि वच्छला, पुंजारामाच्या पाठची बहीण, जी भिंतीकडे तोंड करून निजलेली होती.

वच्छलाचं लग्न नवव्या वर्षी अंजनगाव सुर्जीला झालं. चौदाव्या वर्षी नांदायला गेली, सतराव्या वर्षी परत आली. परत आली म्हणजे सासरे महादेवराव गाडीत घालून घेऊन आले आणि फुटकी मोट दुरुस्तीला टाकावी तशी ओसरीवर टाकून गेले. "काम बैलासारखं करते," ते म्हणाले, "पण बाईसारखं एक नाई. कुंकू सांगितल्याबिगर लावत नाई. बायांत बसत नाई. नवरा जवळ गेला का लाकडावानी होते. सुधरली तं पाठवा." जानरावाने मान खाली घालून ऐकलं. आपल्या घरातलं माणूस नादुरुस्त निघालं याची त्याला फार लाज वाटली.

मग दुरुस्ती सुरू झाली. लिंबू उतरवून झालं, परतवाड्याच्या बाजूचा गंडा झाला, फकिराचा तावीज झाला, मिरच्यांची धुरी झाली. धुरीच्या वेळी हात पार्बताबाईनेच धरले होते. मुलीला भूत नव्हतं, ताप नव्हता. तिला जगावंसं वाटत नव्हतं, एवढंच. पण त्याला आमच्याकडे शब्द नव्हता, आणि शब्द नसला की मिरच्या जाळतात.

धुरीच्या आदल्या दिवशी एक गोष्ट घडली होती. तुरी हिरव्या होत्या. पार्बताबाई मळ्यात गेली तर वच्छला विहिरीच्या काठावर, पाय आत सोडून बसलेली. पार्बताबाई हळूच तिच्या मागे जाऊन उभी राहिली. हाक मारायची तिला भीती वाटली. वच्छला मागे न बघताच म्हणाली, "माय, हे लुगडं नेसलं का मले दुसऱ्याच्या घरून मागून आणल्यावानी लागते. वापस कोणाले करू?"

पार्बताबाईला हे कळलं नाही, किंवा कळलं आणि कळून घ्यायचं नव्हतं. तिने मुलीचं बखोट धरून तिला मागे ओढलं आणि म्हणाली, "असं बोलू नोको. चाल, भाकर खाय." तेव्हा तिथे त्या दोघींशिवाय मोटेचा बैल होता. पार्बताबाईने ही गोष्ट कुणालाच सांगितली नाही. दुसऱ्या दिवशी तिने धुरी दिली. त्याला वर्ष होत आलं आणि पुंजाराम गेला.

पुंजारामाच्या तेरवीला मेलेल्याचे कपडे कुणा गरजवंताला देऊन टाकायचे म्हणून गाठोडं अंगणात काढून ठेवलं होतं. मंडळी जेवायला बसली होती. तेवढ्यात आतल्या खोलीतून, जिथून वच्छला महिनोन् महिने उठली नव्हती, तिथून पुंजारामाचं धोतर, पुंजारामाची बंडी आणि डोक्याला पुंजारामाचं पागोटं असं कुणीतरी बाहेर आलं. गाठोडं आत कधी गेलं ते कुणाला कळलं नाही. केस विळ्याने कापले होते, वेडेवाकडे. ते माणूस सरळ चालत गोठ्यात गेलं, बैलांना वैरण घातली, हात धुतले आणि पंगतीत येऊन बसलं.

"माय, भूक लागली," ते म्हणालं.

पार्बताबाईच्या हातातलं वरणाचं भांडं पडलं. "पुंजा!" ती किंचाळली. "माहा पुंजा आला!"

झालं. गावाला हे पटायला क्षणही लागला नाही. वाटेवर, परक्या मातीत मेलेलं पोर. अग्नी परक्यांनी दिलेला. जीव बैलांत अडकलेला. तो बहिणीच्या अंगात आला नसता तरच नवल. कुणी पाया पडलं, कुणी तंबाखू पुढे केली. 'मी पुंजाराम आहे' असं वच्छला त्या दिवशी म्हणाली नाही आणि त्यानंतरही कधी म्हणाली नाही. तिला कुणी विचारलंच नाही. लोकांना उत्तर आधीच ठाऊक असलं की ते प्रश्न विचारत नाहीत.

इथून पुढे मी त्याला 'तो' म्हणणार आहे. गाव म्हणत होतं, जानराव म्हणत होता, पार्बताबाई म्हणत होती. मीच मागे राहायचं काही कारण नाही.

तो जेवू लागला. तो झोपू लागला, म्हणजे रात्री झोपू आणि सकाळी उठू लागला, जे आधी दोन्ही बंद होतं. तिसऱ्या आठवड्यात तो बैलांशी बोलताना हसला आणि पार्बताबाई चुलीपाशी थबकून ऐकत राहिली. भुतं माणसाला वाळवतात असं आम्ही ऐकून होतो. या भुताने त्याच्या अंगावर मांस चढवलं, आणि यात कुणाला काही विचित्र वाटलं नाही, कारण कापूस अजून चढतच होता आणि घरात गाडी हाकणारा दुसरा माणूस नव्हता.

अमरावतीच्या बाजारात कापसाचा सौदा तोंडाने होत नसे. दलाल आणि शेतकरी उपरण्याखाली हात घालत आणि बोटं दाबून भाव सांगत, म्हणजे शेजारच्याला कळू नये. परक्या पुरुषाच्या मुठीत असा हात देणं बाईला सात जन्मांत शक्य नव्हतं. जानरावाला बोटांची खूण समजे, पण चार लोक बघताहेत म्हटलं की तो घाईने हो म्हणून मोकळा होई. पहिल्याच फेरीत तो मागे सरला आणि म्हणाला, "पुंजा, तूच घाल हात."

त्याने हात घातला. दलालाने त्याची दोन बोटं दाबली, त्याने उलट दलालाची तीन दाबून धरली. दलालाने कपाळ पुसलं, पुन्हा दाबली. बराच वेळ उपरणं हलत राहिलं. शेवटी दलाल हसला आणि जानरावाला म्हणाला, "बडा जिद्दी है तुमचा पुतण्या." जानरावाची छाती फुगली. "पुतण्या हाय ना मग आमचा," तो म्हणाला, आणि परतीच्या वाटेवर प्रत्येक थांब्यावर त्याने ही गोष्ट सांगितली. तीन वर्षं तो ती सांगत होता.

मग तिकडे अमेरिकेत समेट झाला. अकोल्याला गेलेले लोक बातमी घेऊन आले की विलायतेला आता आपला कापूस नको आहे. भाव पडला, आणि भाव पडला तशी गावाला लाज आठवली. कालपर्यंत ज्याच्याकडून बैलांची पारख करून घेत होते त्याच्याकडे लोक आता तिरपे बघू लागले. किती दिवस राहणार म्हणे पुंजाराम? बहिणीच्या संसाराचं काय? पोरगी वीस-एकवीसची झाली, तिचं अंग असं अडवून ठेवणं मेलेल्याला शोभतं का? गरज सरो आणि वैद्य मरो. आमच्याकडे वैद्य आधीच मेलेला होता, त्यामुळे त्याला घालवणंच बाकी होतं.

अंजनगावहून महादेवरावांचा निरोप आला की सून न्यायला येतो. भरभराटीच्या तीन वर्षांत त्यांना सुनेची आठवण झाली नव्हती, कारण मजूर लावायला हातात पैसा होता. आता फुकटचे हात हवे होते. ते निरोपात असं म्हणाले नाहीत, धर्म म्हणाले.

जानरावाने सर्वपित्री अमावस्येला अकोल्याकडून नत्थुजी भगताला बोलावलं. नत्थुजी म्हातारा, डहाका वाजवून अंगातल्याला बोलता करणारा, आणि कामाला अगदी चोख माणूस. त्याचा नियम साधा होता. अंगात आलेल्याने आपली खूण पटवायची. मेलेल्याच्या आईने त्याला असं काही विचारायचं जे त्या दोघांनाच ठाऊक आहे. प्रश्न चारचौघांत, उत्तर फक्त आईच्या कानात. मग आईने हळदीच्या भंडाऱ्यावर हात ठेवून सांगायचं, पटली की नाही. पटली, तर तो जे मागेल ते घराने द्यायचं आणि गावाने मान्य करायचं. नाही पटली, तर ते सोंग किंवा भलतंच भूत; मग चिंचेचे ओले फोक, आणि तेवढ्याने भागलं नाही तर साखळी.

जानरावाचा हिशेब सरळ होता. वैनी देवभोळी आहे, भंडाऱ्यावर हात ठेवून ती खोटं बोलणार नाही. पोरगी काहीतरी चुकेल. चुकली की पुंजाराम संपला आणि महादेवरावांची गाडी दारात उभी आहे. जानराव दुष्ट नव्हता. त्याला फक्त घर पुन्हा पूर्वीसारखं हवं होतं, आणि पूर्वी त्या घरात कोण कसं होतं हे त्याला कधी माहीतच नव्हतं.

खरं तर गाव ज्याला पुंजाराम म्हणत होतं तो चुकला नसता. भावाची गुपितं त्याला भरपूर ठाऊक होती. पुंजारामाने लहानपणी देवापुढचा गूळ खाऊन आळ मांजरावर घातला होता; मोठेपणीही तो अंधारात एकटा गोठ्यात जायला भीत असे. हे सांगितलं असतं तर निभावलं असतं. पण सर्वपित्री अमावस्येच्या आदल्या दिवशी बैल धुताना त्याने ठरवलं की सांगायचं नाही. मेलेल्या भावाचे कपडे त्याने घेतले होते, बैल घेतले होते, आईची हाक घेतली होती. आता भावाच्या आठवणीही आपल्या म्हणून आईच्याच कानात सांगायच्या, हे त्याच्याने होईना. म्हणजे उद्या गप्प राहायचं. गप्प राहिल्यावर लुगडं नेसून अंजनगावला जायचं, की त्याआधी विहीर गाठायची, एवढंच ठरायचं राहिलं होतं. विहिरीला पाणी भरपूर होतं. त्याला भीती वाटत होती, आणि भीतीपेक्षा जास्त, वाईट वाटत होतं.

अमावस्येला दुपारी अंगणातल्या लिंबाखाली मंडळी जमली. महादेवराव खाटेवर बसले होते. त्यांच्या बाजूला नवं हिरवं लुगडं आणि बांगड्यांची जुडी ठेवलेली होती. नत्थुजीने डहाका दोन्ही मांड्यांत धरला आणि वाजवायला सुरुवात केली. बराच वेळ वाजवला. समोर तो मांडी घालून बसला होता, घुमत नव्हता, डोलत नव्हता, बाजाराच्या दिवशी बसावं तसा साधा बसला होता.

डहाका थांबला. "कोण हाय तू?" नत्थुजीने विचारलं. "नाव सांग."

तो बोलला नाही.

"दुसऱ्यांदा पुसतो. कोण हाय?"

तो बोलला नाही.

"पाहा, पाहा," जानराव म्हणाला. "सोंगच हाय हे. फोक घ्या, भगतबुवा."

नत्थुजीने बाजूचा फोक उचलला. तेव्हा पार्बताबाई उठली. पदर डोक्यावर नीट घेतला आणि म्हणाली, "थांबा. खूण मायनं पुसाची असते ना? मले पुसू द्या."

"पुसा, माय," नत्थुजी म्हणाला आणि त्याने फोक खाली ठेवला.

पार्बताबाई त्याच्यासमोर येऊन बसली. अंगणात सगळे वाट बघत होते. बहुतेकांना वाटलं, ती पुंजारामाच्या लहानपणचं काहीतरी विचारेल.

"तुरी हिरव्या होत्या," ती म्हणाली. "तू इहिरीच्या काठावर बसला होता, पाय अंदर सोडून. तवा तू मले एक गोष्ट पुसली होती. मी जवाब देल्ला नाई. काय पुसलं होतं ते सांग."

लोकांनी माना डोलावल्या. पुंजाराम कधीतरी विहिरीवर बसला असेल, काहीतरी विचारलं असेल, आईलेकराची गोष्ट. जानरावही निर्धास्त होता. एवढ्या मंडळींत ते ऐकून फक्त एकाच माणसाने मान वर केली. त्याने आईकडे पाहिलं. पार्बताबाईने डोळे हलवले नाहीत.

तो उठला, तिच्याजवळ गुडघ्यांवर बसला आणि तिच्या कानाला तोंड लावून त्याने सांगितलं. चार वर्षांपूर्वी जसं म्हणाला होता तसंच, शब्दाला शब्द. नेसलं का दुसऱ्याच्या घरून मागून आणल्यावानी लागते. वापस कोणाले करू.

पार्बताबाईने त्याचं डोकं दोन्ही हातांनी धरलं. मग आपलं तोंड त्याच्या कानापाशी नेलं. नत्थुजीच्या नियमात हे नव्हतं, पण त्याने अडवलं नाही.

"माह्याजवळ दे," ती म्हणाली.

मग ती वळली, थाळीतल्या हळदीवर उजवा हात पूर्ण टेकवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाली, "खूण पटली. हे माहं लेकरू हाय. याच्यात काही खोटं नाई."

आणि नव्हतंच. ती भंडाऱ्यावर खोटं बोलणारी बाई नव्हती, याबाबत जानरावाचा अंदाज बरोबर होता.

"पण सांगितलं काय त्यानं?" जानराव पुढे सरसावला. "आमालेबी कळू द्या."

"खूण मायच्या कानातली असते, जानराव," नत्थुजी म्हणाला. "काकाच्या कानातली नाई." त्याने समोर गुडघ्यांवर बसलेल्याच्या कपाळाला भंडारा लावला. "बोल बापा. तुले काय पायजे?"

"माहे बैल," तो म्हणाला. आवाज चिरकला, म्हणून त्याने पुन्हा सांगितलं. "माहे बैल, अन् मले कोणी कुठी पाठवू नोका."

अवघड असं काही मागितलं नाही म्हणून गावाला बरंच वाटलं. महादेवराव उठले, बांगड्यांची जुडी उचलली, लुगडं तसंच विसरले आणि उजेड असतानाच अंजनगावच्या वाटेला लागले. पुढे त्यांनी मुलाचं दुसरं लग्न केलं. जानराव चार दिवस कुणाशी बोलला नाही. पाचव्या दिवशी तूर निंदायची होती, तेव्हा बोलला. गाव त्याला शेवटपर्यंत पुंजाराम म्हणत राहिलं. आपल्या स्वतःच्या नावाने मात्र त्याला कुणी हाक मारली नाही, कारण तसं नावच नव्हतं. मिळालं त्यात त्याने भागवलं, असं म्हणता येईल. भागलं की नाही ते त्यालाच माहीत.

त्या अमावस्येच्या दिवशी दिवेलागणीआधी तो बैलांना पाणी पाजून आला तेव्हा पार्बताबाई ओसरीवर बसलेली होती. मांडीवर ते हिरवं लुगडं होतं, व्यवस्थित घडी केलेलं. ती रडत होती. हुंदके देऊन, तोंड न झाकता, लहान मूल रडतं तशी. त्याला वाटलं तिला पश्चात्ताप झाला. तो पायरीवर बसला, घाबरून म्हणाला, "माय, काहून रडतं? माह्यामुळं?"

पार्बताबाईने मान हलवली. हात लांब करून त्याच्या, अजूनही विळ्यानेच कापलेल्या, केसांवरून फिरवला.

"नाई रे बापू," ती म्हणाली. "आपला पुंजा मेला."

तीन वर्षांत त्या घरात हे कुणी पहिल्यांदाच बोललं होतं. मग तोही तिच्याजवळ सरकला आणि दोघं पुंजारामासाठी रडली.